दवाखान्याची दुसरी पाटी

जबलपूरच्या आमच्या सिव्हिल लाइन्समध्ये सकाळी रस्त्यावर फारशी वर्दळ नसते. रेल्वे स्टेशन जवळ असले तरी जुने बंगले, त्यांची ऐसपैस आवारे आणि मोठाली झाडे यांमुळे गावाचा गलबला येथवर क्वचितच पोहोचतो. गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका गुरुवारी मी कचेरीत जावयास निघालो, तेव्हा शेजारच्या दवाखान्याच्या पायरीवर एक वृद्ध जोडपे बसलेले दिसले. दवाखान्याच्या दाराला कुलूप होते.

चौकशी केली तेव्हा कळले, की ते गृहस्थ मंडल्याकडचे निवृत्त शिक्षक. पहाटेच्या बसने शंभरएक किलोमीटरचा प्रवास करून ते पत्नीला दाखवावयास आले होते. त्यांच्या नातवाने आदल्या रात्री मोबाईलवर या दवाखान्याचे संकेतस्थळ पाहिले होते. तेथे स्पष्ट लिहिले होते : 'साप्ताहिक सुट्टी रविवार. रक्ततपासणी सकाळी ८ ते १०. उपाशीपोटी यावे.' त्याप्रमाणे बाई उपाशीपोटी निघाल्या होत्या. मात्र मधुमेहाची रोजची गोळी सवयीने घेऊन बसल्या होत्या. पोटात अन्न नाही आणि गोळी मात्र आपले काम करीत आहे, अशा स्थितीत रक्तातील साखर खाली उतरते. बाईंना दरदरून घाम सुटला होता, हात कापत होते. माझ्या पत्नीने लगबगीने साखरपाणी करून आणले, पाठोपाठ थोडा उपमा दिला, तेव्हा अर्ध्या तासाने त्या सावरल्या. मास्तर पुनःपुन्हा एकच म्हणत होते, "साहेब, आम्ही सगळे वाचून आलो होतो."

डॉक्टर गेली चार वर्षे दर गुरुवारी बाहेरगावच्या एका रुग्णालयात जातात, हे साऱ्या सिव्हिल लाइन्सला ठाऊक आहे. मंडल्याच्या नातवाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने संकेतस्थळावरचा दूरध्वनी क्रमांकही फिरवून पाहिला होता. तो क्रमांक बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. संध्याकाळी मी डॉक्टरांना सारी हकीकत सांगितली. ते मोठे सहृदय गृहस्थ. ऐकून क्षणभर स्तब्ध राहिले आणि म्हणाले, "अहो, ते संकेतस्थळ अजून दिसतं?"

श्रोतेहो, आजच्या माझ्या भाषणाचा विषय या एका प्रश्नात सामावलेला आहे.

या दवाखान्याला दोन पाट्या आहेत. पहिली फाटकावरची. डॉक्टरांच्या वडिलांनी दवाखाना काढला, तेव्हा जबलपूर मध्यप्रांत व वऱ्हाडात होते, राजधानी नागपूर होती आणि तिकडून बदलून आलेली मराठी कुटुंबे येथे पुष्कळ होती. म्हणून त्या पाटीवर इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत नाव होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्यप्रदेशात राहिले. पुढे केव्हातरी पाटी नव्याने रंगविताना मराठी ओळ गळाली. वडिलांच्या पश्चात नाव बदलले, पदव्या बदलल्या, वेळा बदलल्या. प्रत्येक बदलाबरोबर पेंटर आला आणि पाटी दुरुस्त करून गेला. आजही दिवाळीपूर्वी तिला रंगाचा हात फिरतो.

दुसरी पाटी संकेतस्थळाची. ती २०११ साली कोणा होतकरू तरुणाकडून करवून घेतली आणि त्यानंतर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. पहिली पाटी रस्त्यावरून जाणाऱ्या शंभर-दोनशे माणसांना दिसते. दुसरी मंडला, शिवनी, बालाघाट, नरसिंहपूर येथल्या घराघरांत रात्री-अपरात्री दिसू शकते. मग जी कमी लोकांना दिसते तिची निगा, आणि जी अधिकांना दिसते तिची हेळसांड, असे का व्हावे? कारण अगदी साधे आहे. फाटकावरची पाटी डॉक्टरांना रोज येता-जाता दिसते. स्वतःचे संकेतस्थळ मात्र डॉक्टर कधीच उघडीत नाहीत. आपला पत्ता आणि आपल्या वेळा त्यांना तोंडपाठ असतात. म्हणजे या पाटीवरची चूक तिच्या मालकाला सोडून बाकी सर्वांना दिसते.

माझ्या नोकरीत काही काळ आमच्या विभागाच्या संकेतस्थळाची जबाबदारी माझ्याकडे होती. तेवढ्या शिदोरीवर मी डॉक्टरांना मदत करण्याचे कबूल केले. तीन रविवार आम्ही त्यांच्या अभ्यासिकेत बसलो. जे केले ते इतर दवाखान्यांनाही उपयोगी पडेल, म्हणून ते क्रमाने सांगतो.

पहिल्या रविवारी आम्ही काहीही दुरुस्त केले नाही. डॉक्टरांनी स्वतःच्या मोबाईलवर ते संकेतस्थळ परक्या रुग्णाच्या नजरेने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावे, एवढेच मी सुचविले. ते वाचू लागले आणि थोड्याच वेळात त्यांच्या कपाळावर आठ्या उमटल्या. 'येथे कसे यावे' या पानावर हाऊबाग स्थानकावर उतरण्याची सूचना होती. जबलपूरहून नैनपूर-बालाघाटकडे जाणाऱ्या नॅरोगेज गाड्यांचे ते स्थानक. त्या गाड्या २०१५ साली बंद झाल्या आणि रुंद रुळांचा नवा मार्ग दुसरीकडून गेला. सहकारी म्हणून ज्या डॉक्टरांचे नाव होते, ते कधीच निवृत्त झाले होते. शुल्काचा आकडा जुना होता. ही सारी विधाने लिहिली तेव्हा खरी होती. कोणी खोटे लिहिले नव्हते. सत्याची मुदत संपली होती, एवढेच.

वाचता वाचता आम्ही कागदावर तीन रकाने आखले : चुकीचे, अपुरे आणि अनावश्यक. चुकीचे त्याच दिवशी काढून टाकावे. नवे पान तयार होण्याची वाट पाहू नये. बंद पडलेला क्रमांक मुळीच नसणे हे तो असण्यापेक्षा बरे. पुष्कळदा संकेतस्थळ नव्याने करावयाचे म्हटले, की रंग कोणता, चित्र कोणते, यावर महिनोन्‌महिने खल चालतो आणि तोवर जुना गुरुवार तसाच रुग्णांना फसवीत राहतो. आधी मजकूर, मग सजावट, हा क्रम मोडू नये.

अपुरे काय, हे ठरविताना आम्हाला एका अनपेक्षित ठिकाणाहून साहाय्य मिळाले. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचाराविषयी भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २००२ साली विनियम केले. पुढे परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग आला. आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे विनियम काढले. परंतु त्याच महिन्याच्या २३ तारखेस ते स्थगित झाले आणि २००२ चेच विनियम पुन्हा अमलात आले. या विनियमांनुसार डॉक्टरांना जाहिरातबाजी करून रुग्ण ओढण्याची मनाई आहे. पाटी अवाजवी मोठी नसावी. तिच्यावर नाव, मान्यताप्राप्त पदव्या, विशेष विषय आणि राज्य वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक यांखेरीज काही नसावे, असा दंडक आहे. तथापि काही गोष्टी वृत्तपत्रांतून रीतसर जाहीर करण्याची मुभा आहे : व्यवसाय सुरू करणे, त्याचे स्वरूप बदलणे, पत्ता बदलणे, काही काळ अनुपस्थित असणे, व्यवसाय पुन्हा सुरू करणे, दुसऱ्याचा व्यवसाय पुढे चालविणे आणि शुल्क जाहीर करणे.

ही यादी मी डॉक्टरांना वाचून दाखविली आणि आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहू लागलो. वृत्तपत्रासाठी लिहिलेल्या त्या यादीत रुग्णाला जे हवे असते ते नेमके आले होते. डॉक्टर कोठे बसतात, कधी बसतात, कधी बसणार नाहीत, किती पैसे लागतील. याउलट संकेतस्थळांवर एरवी जे दिसते, म्हणजे 'सर्वोत्तम', 'अग्रगण्य', बऱ्या झालेल्या रुग्णांची स्तुतिपर पत्रे, उपचारापूर्वीची आणि उपचारानंतरची छायाचित्रे, त्यातील काहीही तिच्यात नाही. आमचा 'अनावश्यक'चा रकाना यातूनच भरला. डॉक्टरांच्या संकेतस्थळावर एका रुग्णाचे कौतुकाचे पत्र त्याच्या आजारासह छापलेले होते. त्याची संमती कोणी घेतली होती की काय, हे कोणालाच आठवेना. ते पत्र तत्काळ काढले. नोंदणी क्रमांक मात्र कोठेच नव्हता, तो घातला. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासंबंधी २५ मार्च २०२० रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांतही संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक देण्यास सांगितले आहे. ज्याला शंका येईल त्याने तो परिषदेच्या नोंदवहीत पडताळून पाहावा, हा त्यामागचा हेतू.

दुसऱ्या रविवारी किल्ल्यांचा शोध सुरू झाला. संकेतस्थळाच्या तीन किल्ल्या असतात : त्याच्या नावाची नोंदणी, ज्या संगणकावर ते ठेवलेले असते तेथील भाड्याची जागा, आणि मजकूर बदलण्याचा परवलीचा शब्द. या तिन्ही त्या होतकरू तरुणाकडे होत्या आणि तो पुण्याला निघून गेला होता. सुदैवाने त्याचा पत्ता लागला, आणि तो सज्जन निघाला. परंतु नावाची नोंदणी त्याच्या नावावर होती, डॉक्टरांच्या नव्हे. संकेतस्थळाचे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीने घ्यावे लागते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. ते राहून गेले, तर तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो आणि डॉक्टरांच्या भरवशावर आलेला रुग्ण एखाद्या जुगाराच्या पानावर जाऊन पोहोचतो. घराचे खरेदीखत गवंड्याच्या नावे कोणी करीत नाही; येथे मात्र ते सर्रास घडते. म्हणून नोंदणी डॉक्टरांच्या नावे करून घेतली आणि नूतनीकरणाची तारीख त्यांच्या दैनंदिनीत लिहविली.

त्यानंतर लिपीचा प्रश्न निघाला. संकेतस्थळाचा हिंदी भाग कृतिदेव नावाच्या जुन्या टंकात होता. या टंकाची गंमत अशी, की संगणक मनात इंग्रजी अक्षरच धरून ठेवतो. 'क' हवा असेल तेथे तो 'डी' साठवितो आणि त्यावर 'क'चा मुखवटा चढवितो. ज्या यंत्रात तो मुखवटा नसेल, तेथे वाचणाऱ्याला अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. शोधयंत्राला तो मजकूर सापडत नाही. अंध व्यक्तीला पडदा वाचून दाखविणाऱ्या यंत्रालाही तो उच्चारता येत नाही. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तिच्यात 'क' हा सर्वत्र 'क'च असतो. आम्ही सारा हिंदी मजकूर युनिकोडमध्ये आणला, आणि इंग्रजीऐवजी तोच प्रथम ठेवला, कारण दवाखान्यात येणारे दहापैकी नऊ जण हिंदी बोलणारे आहेत.

मुखपृष्ठाचा वरचा भाग कोरा दिसत होता, त्याचे कारणही असेच जुने निघाले. एके काळी तेथे फ्लॅश या तंत्राने हलणारे स्वागतचित्र होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याच्या निर्मात्यांनी त्याचा आधार काढून घेतला आणि त्यानंतर ते दिसेनासे झाले. कोऱ्या जागेखाली, दोन पाने उलटल्यावर, कोठेतरी वेळापत्रक होते. आम्ही ते सर्वांत वर आणले. पत्ता 'सुरक्षित नाही' असा शेराही मोबाईल दाखवीत होता. साध्या जोडणीवरून जाणारा मजकूर हा पोस्टकार्डासारखा असतो. वाटेतल्या कोणालाही तो वाचता येतो. सुरक्षित जोडणी म्हणजे बंद लिफाफा. २०१८ पासून क्रोम या न्याहाळकाने पोस्टकार्डावर असा शेरा मारण्यास आरंभ केला. लिफाफ्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आता विनामूल्यही मिळते; ते बसविण्यास अर्धा तास पुरला.

संकेतस्थळ पाहणारा कोण, याचाही विचार हवा. तो बहुधा मोबाईलवर पाहतो, त्याच्या गावी जोडणी मंद असते, आणि कित्येकदा तो चष्मा शोधीत असतो. म्हणून अक्षर मोठे असावे, आणि ते पार्श्वभूमीवर उठून दिसावे. जागतिक सुलभता-निकषांनुसार अक्षर व पार्श्वभूमी यांच्यातील उजेडाचे प्रमाण किमान साडेचारास एक असावे लागते. आमचे फिकट निळ्यावरचे पांढरे अक्षर त्याच्या जवळपासही नव्हते. छायाचित्रे लहान करून घातली. दूरध्वनी क्रमांक असा लिहिला, की त्यावर बोट ठेवताच तो लागावा. त्याखाली एक ओळ घातली : 'तातडीच्या प्रसंगी येथे उत्तराची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.' आणि 'उपाशीपोटी यावे' या सूचनेला आम्ही एक पुस्ती जोडली : 'मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी त्या सकाळी औषध केव्हा घ्यावे, हे आधी दूरध्वनीवर विचारून घ्यावे.' ही पुस्ती डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिली.

तिसऱ्या रविवारी जे सापडले, त्याने मात्र आम्हा दोघांना अस्वस्थ केले. संकेतस्थळावर 'आपला आजार येथे लिहा' असा एक तक्ता होता. त्यात लिहिलेला मजकूर एका जुन्या टपालपेटीत जात असे, आणि ती पेटी कित्येक वर्षांत कोणी उघडली नव्हती. आम्ही ती उघडली. तीत शेकडो पत्रे पडून होती. कोणी मुलाच्या तापाविषयी विचारले होते, कोणी लाजत लाजत स्वतःच्या दुखण्याविषयी. उत्तर एकालाही गेले नव्हते. डॉक्टर ती वाचीत गेले आणि अखेर चष्मा काढून म्हणाले, "हे लोक माझ्या दारात उभे होते, आणि मी आत बसून होतो."

त्यांनी शक्य त्या सर्वांना क्षमायाचनेची चार ओळींची पत्रे पाठविली, आणि मग ती पेटी रिकामी केली. आजाराची माहिती ही माणसाची अत्यंत खाजगी ठेव आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियमाचे सूत्र असे, की माहिती संमतीने घ्यावी, सांगितलेल्या कामापुरती वापरावी आणि काम संपल्यावर ठेवू नये. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. कायदा नसता तरी शहाणपण तेच सांगते : ज्या प्रश्नाचे उत्तर देण्याची व्यवस्था नाही, तो विचारू नये. तो तक्ता आम्ही काढून टाकला. आता तेथे फक्त भेटीची वेळ ठरविण्याचा क्रमांक आहे, आणि तो उचलणारे कंपाउंडर आहेत.

शेवटी दोन लहान कामे उरली. जुन्या पानांचे पत्ते लोकांनी जपून ठेवलेले असतात. ते बंद न करता नव्या पानाकडे वळवावे लागतात. बिऱ्हाड बदलल्यावर पोस्टमन जुन्या पत्त्यावरची पत्रे नव्या घरी आणून देतो, त्यातलाच हा प्रकार. आणि दवाखान्याची वेळ ही संकेतस्थळाबरोबर मोबाईलवरच्या नकाशांतही नोंदलेली असते. तेथेही 'गुरुवार बंद' असे लिहिले. एका ठिकाणी दुरुस्त आणि दुसऱ्या ठिकाणी जुने, अशा स्थितीत रुग्णाने कोणावर विश्वास ठेवावा?

एवढे झाल्यावर संकेतस्थळ अद्ययावत झाले, असे म्हणावयास हरकत नव्हती. परंतु सरकारी नोकरीने मला एक गोष्ट शिकविली आहे. कोणतेही परिपत्रक निघते तेव्हा ताजेच असते. ते जुने होऊन फलकावर लटकत राहते, कारण ते उतरविण्याचे काम कोणाच्या नावावर नसते. भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रथम काढली, त्यांत पानावर शेवटच्या सुधारणेची तारीख दाखविण्याचा आग्रह आहे. तारीख दिसली, की वाचणाऱ्याला मजकुराचे वय कळते, आणि लिहिणाऱ्याला लाज वाटू लागते. दोन्ही गोष्टी हितकारकच.

तेव्हा आम्ही डॉक्टरांच्या पानाच्या तळाशी तारीख घातली. प्रश्न राहिला तो माणसाचा. तो कंपाउंडरांनीच सोडविला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ते औषधांचे कपाट उघडून मुदत संपलेल्या बाटल्या आणि गोळ्या बाजूला काढतात. गेली वीस वर्षे त्यात खंड पडलेला नाही. ते म्हणाले, "साहेब, त्याच दिवशी हेही वाचून काढीन. तेही कपाटच की." आता कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर पाच शब्द आहेत : वार, वेळा, क्रमांक, शुल्क, सुट्टी. ते तपासून झाले, की खाली तारीख बदलावयाची.

मास्तर आणि त्यांच्या पत्नी गेल्या महिन्यात पुन्हा येऊन गेले. येण्यापूर्वी नातवाने नवे पान पाहिले होते. तरीही मास्तरांनी आदल्या दिवशी दूरध्वनी करून खात्री करून घेतली. एकदा गेलेला विश्वास असा सावकाशच परत येतो. त्या दिवशी मंगळवार होता, आणि दवाखान्याचे दार उघडे होते.